आई हे क्रियापद आहे

माझा धाकटा भाऊ ज्ञानदीप सापडला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. ज्ञानदीप चार वर्षांपासून बेपत्ता आहे, त्याचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नाही, आणि आमची मम्मी रोज सकाळी त्याचा आवाज ऐकायला सिनेमाला जाते. गोष्ट इथून सुरू होते.

सिनेमाचं नाव ‘रूबेन’. रूबेन मसीह नावाच्या रॉकस्टारची जीवनकहाणी. हा रेल्वे कॉलनीत वाढला, चर्चच्या अडगळीतून गिटार उचलली, तिच्या सहापैकी तीन तारा तुटलेल्या होत्या, याने तशीच वाजवली, आणि मरेपर्यंत तीनच तारांवर वाजवत राहिला. पुढे अख्खं स्टेडियम त्याला चौथी तार घेऊन द्यायला तयार होतं, पण याने लावली नाही. का नाही लावली, हे सांगायला सिनेमाला दोन तास एकेचाळीस मिनिटं लागतात आणि शेवटी सांगत नाहीतच. हीरोला गिटार येत नाही. ते झाकायला गिटारच्या आसपास धूर सोडलाय. पहिल्या दिवशी मम्मी हळूच म्हणाली, “यांच्या घरी काही करपतंय का?”

तिला मीच घेऊन गेलो होतो. मी इंदूरच्या भंवरकुआं भागात एका कोचिंग क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी हिंदी व्याकरणाचे प्रश्न काढतो. चार पर्याय, एक बरोबर, तीन असे की बरोबर वाटावेत. जगात मला एवढंच येतं. पाचशे प्रश्न पूर्ण झाले म्हणून सरांनी दोन पास दिले. पप्पा म्हणाले, माझे गुडघे रॉक ऐकण्याच्या स्थितीत नाहीत. म्हणून मम्मी आली.

इंटरवलनंतर एक सीन आहे. रूबेन फलाटावर बसलाय. गाड्या येतात, लोक चढतात, जातात, हा बसलेलाच. बाजूला ना गिटार, ना धूर. आणि अंधारातून नुसता कोरस सुरू होतो: सबकी गाड़ी आई. मग फक्त शेवटचा शब्द, पुन्हा पुन्हा. आई. आई. आई. अकरा वेळा. सहाव्या ‘आई’ला एक आवाज जरासा फाटतो.

तो फाटला आणि माझ्या शेजारून उत्तर आलं, “काय रे?”

मोठ्याने नव्हे. हात कणकेत असताना स्वयंपाकघरातून देतात तसं.

मी म्हटलं, “क्या हुआ?”

“ज्ञानू आहे.”

“कुठे?”

“ऐक ना. मला हाक मारतोय.”

आता याच्यावर मी प्रश्न काढला असता तर असा काढला असता: ‘सबकी गाड़ी आई’ इस वाक्य में ‘आई’ शब्द क्या है? अ, संज्ञा. ब, सर्वनाम. क, क्रिया. ड, इनमें से कोई नहीं. उत्तर क. सामान्य भूतकाळ, स्त्रीलिंगी, एकवचनी. कर्ता गाड़ी. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो.

मी मम्मीला काहीच म्हटलं नाही. एक म्हणजे अंधार होता. दुसरं म्हणजे, ती चार वर्षांत पहिल्यांदा हसत होती.

ही चूक समजायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही मराठी. आजोबा पलटणीत होते, महूला आले, तिथेच राहिले. पप्पा इंदूरला नोकरीला लागले आणि जुनी इंदूरला घर केलं. मम्मीचं नाव धम्मदीना, माहेर नागपूरचं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे भरपूर मराठी होतं. दिवसभर दवाखान्यात हिंदी, गल्लीत हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि घरी आम्ही दोघं तिला, सगळी गल्ली आपापल्या आयांना म्हणते तसं, मम्मी म्हणायचो. तिला आई म्हणवून घ्यायचं होतं. दोनतीनदा सांगून पाहिलं. आम्ही दोनतीन दिवस म्हणायचो आणि मग विसरायचो.

ज्ञानू सात वर्षांचा असताना नागपूरहून आजीचा फोन आला. याने उचलला. आजीने विचारलं, “बाळा, आई आहे का?”

हा म्हणाला, “नहीं, कोई नहीं आई.”

मम्मी तेव्हा त्याच्या मागे हातभर अंतरावर उभी होती.

त्या दिवशी रविवारचा नियम निघाला. रविवारी घरात फक्त मराठी. हिंदीत बोलाल तर ऐकू येणार नाही. ‘मम्मी’ला उत्तर मिळणार नाही. रविवारी सकाळी विहारात वंदना असायची, ती पालीत, तिला सूट होती. पप्पा महूचे, त्यांचं मराठी तिसऱ्या वाक्याला संपायचं, त्यामुळे ते रविवारी जेवण झालं की सोमवारपर्यंत गप्प. मी जोक सांगायचो, ते मराठीत कुणालाच कळायचे नाहीत, हिंदीत सांगायला बंदी. ज्ञानू मात्र भांडायचा. “मम्मी, पानी.” उत्तर नाही. “मम्मी, पानी दो ना.” उत्तर नाही. मग तो स्वतः उठून पाणी घ्यायचा आणि ग्लास आपटायचा. पंधरा वर्षं आमच्या घरी दर रविवारी एक ग्लास आपटला गेला.

नियम कडक होता, पण तसा गमतीचाच होता. मम्मी तोंड फिरवून हसायची. आम्हाला ते दिसायचं.

ज्ञानू गायचा. कॉलेजात बँड केला, बँडला नाव सुचलं नाही म्हणून बँड बंद पडला. एकदा पटवारीच्या परीक्षेला बसवला, तर उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचे सोडून त्याने गोलांना डोळे काढले. मग घरात रोज वाद. आणि एका रविवारी सकाळी तो बॅग घेऊन आला. मम्मी मेथी निवडत होती. तो म्हणाला, “मम्मी, मैं जा रहा हूँ. मुंबई.”

मम्मी मेथी निवडत राहिली.

तो तीनदा म्हणाला. मी आतल्या खोलीत होतो, मी ऐकलं. मला वाटलं गंमत चाललीय. मग दार लागलं. मम्मीला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाईल. मेथी निवडून झाली, धुवून झाली, भाजी झाली.

चार वर्षं झाली. फोन बंद. पोलिसांत कळवलं, ते म्हणाले सज्ञान आहे, स्वतःहून गेलाय. कुणीतरी सांगितलं, मुंबईत कोरसमध्ये गातो म्हणे. इतकंच. मम्मीने रविवारचा नियम त्याच आठवड्यात रद्द केला. आता तिला कोणत्याही दिवशी, कोणत्याही भाषेत, काहीही म्हटलं तरी ती लगेच ओ देते. शेजारची कुकरची शिट्टी वाजली तरी ओ देते.

म्हणून त्या दिवशी थेटरात तिने ऐकलं ते असं: पोरगा सापडला, आणि शेवटी आईला आई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी बदलून दारात उभी. “नऊ वीसचा आहे ना?”

पप्पांनी विचारलं, “कल वाला पसंद नहीं आया था क्या?”

गाणं मोबाइलवर ऐकता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बाजारात आलेल्या गाण्यात कोरसच्या जागी एक जण रॅप म्हणतो. तो रॅप मी मम्मीला ऐकवला. ती म्हणाली, “हा कुणाचा मुलगा आहे, घाईत आहे.” म्हणून थेटर. मी एक वाजेपर्यंत मोकळा असतो. रोज नऊ वीसला आम्ही जायचो, दीड तास धूर बघायचो, फलाट यायचा, मम्मी पदर सारखा करून बसायची आणि अकरा वेळा उत्तर द्यायची. काय रे. हो रे. आहे मी. बोल. आहे ना इथेच. मग उरलेला सिनेमा डोळे मिटून.

सातव्या दिवशी मागच्या रांगेतून कुणीतरी मम्मीबरोबर “काय रे” म्हणालं. इंजिनीयरिंगची पोरं होती, लेक्चर बुडवून आलेली. त्यांना वाटलं या सीनला असं म्हणायचं असतं. दहाव्या दिवशी चार जण म्हणाले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तर मराठीचा गंध नसलेली वीसेक माणसं सकाळी नऊ वीसच्या शोला येऊन एकसुरात “काय रे” म्हणत होती. शिवांगी नावाच्या एका मुलीने मला बाहेर विचारलं, “भैया, वो काय रे का मतलब क्या होता है? कोई मंत्र है?”

मम्मी चिडली नाही. घाबरली. एक दिवस ती मागे वळून त्यांना म्हणाली, “बेटा, तुमको नहीं बुला रहा है.”

पोरं गप्प झाली. त्यांना तो सिनेमातलाच डायलॉग वाटला असावा.

घरी येताना म्हणाली, “एवढ्या आवाजात त्याला माझा कसा ओळखू येईल?”

तेव्हा मी ठरवलं की याचं काहीतरी करायला हवं. एक तर तिला सांगायचं, की हे क्रियापद आहे. नाहीतर शोधून काढायचं, की तो फाटका आवाज खरंच ज्ञानूचा आहे का. खरंच असेल तर क्रियापद असलं तरी चालेल. मी दुसरा पर्याय निवडला, कारण त्यात मला मम्मीकडे बघून काही बोलायचं नव्हतं.

कोरसमधल्यांची नावं सिनेमाच्या शेवटी येतात. अडचण अशी की आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतं. शेवटचा सीन संपायच्या आत दिवे लागतात आणि झाडू घेतलेले चार जण आत येतात. “भिया, पैर ऊपर.” तुम्ही पाय वर घेता, तो खालचा पॉपकॉर्न काढतो, तेवढ्यात पडद्यावरून चाळीस नावं निघून जातात. मी पाच दिवस प्रयत्न केला. केस विंचरणारे, चहावाले, धूर सोडणारे अकरा जण, इथपर्यंत पोचायचो. कोरस यायच्या आत पडदा पांढरा. सहाव्या दिवशी मी मोबाइलने शूटिंग केलं, तर गार्डने पकडून मॅनेजरसमोर उभं केलं. पायरसी.

मॅनेजरचं नाव जयसिंगराव. भला माणूस. त्याने शूटिंग पाहिलं. त्यात फक्त नावं होती आणि एका झाडूचं टोक.

“भिया, लोग पिच्चर चुराते हैं. तुम पिच्चर के बाद का क्यूं चुरा रहे हो?”

मी सांगितलं. सगळं. भाऊ, मेथी, सहावा ‘आई’.

तो बराच वेळ मोबाइलमधला झाडू बघत बसला. मग म्हणाला, “तो वो माताजी आपकी हैं.” आणि ऑपरेटरला फोन करून त्याने सगळी नावं लावायला सांगितली. रिकाम्या हॉलमध्ये दिवे बंद करून आम्ही दोघांनी सात मिनिटं नावं वाचली. कोरसमध्ये आठ नावं होती. ज्ञानदीप नव्हता.

मी आठही जणांना इंटरनेटवर शोधून मेसेज केले. सातांनी बघितलं नाही. प्रीती नावाच्या मुलीने फोनच केला.

“ज्ञानदीप? इंदूरवाला? हां हां. दो दिन रिहर्सल में था. फिर निकाल दिया.”

“का?” मी चुकून मराठीत विचारलं.

तिला कळलं. “आवाज फटता था ना उसका. ऊपर जाता था तो फट जाता था. म्यूजिक डायरेक्टर बोला, साफ चाहिए.”

“पण सहाव्या ‘आई’ला फाटतो आवाज.”

“अरे वो तो बाद में कंप्यूटर से डाला है. साफ गाया तो डायरेक्टर बोला, फीलिंग नहीं आ रही. तो एक जगह फाड़ दिया.”

माणूस खऱ्या फाटक्या आवाजासकट घरी पाठवला आणि मग यंत्राने तेवढाच आवाज फाडून घेतला. मला हसू यायला हवं होतं. असल्या गोष्टींवर मी हसतो. प्रीतीने एक नंबर दिला. चालू आहे की नाही माहीत नाही, म्हणाली.

चालू होता.

“नमस्कार, पाणी शुद्धीकरण सेवा. बोला.”

स्वच्छ मराठीत. मला वाटलं रॉंग नंबर.

“ज्ञानू?”

मागे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाला.

“मॉडेल कुठलं आहे आपलं?” तो म्हणाला.

“पंचशील. जुनी इंदूर.”

 मग, “पंचू भिया.” आणि मग बोलतच सुटला. नाशिकला आहे. घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवतो, दुरुस्त करतो. तीन वर्षं गिटारला हात लावला नाही. मुंबईत आठ महिने काढले, बारा ठिकाणी गायला उभा राहिला, बारा ठिकाणी आवाज फाटला.

“तुझं मराठी लई भारी झालंय,” मी म्हटलं.

“इथे रोज रविवार आहे भिया.”

मी त्याला सिनेमाचं सांगितलं. मम्मी रोज जाते, अकरा वेळा उत्तर देते, तुझा आवाज समजून. 

“एक फोन कर,” मी म्हटलं. “काही सांगू नको. नुसतं आई म्हण आणि ठेव.”

“दिवसातून दहा बायकांना आई म्हणतो भिया. आई, फिल्टर बदलावा लागेल. आई, मेंब्रेन गेलंय. तिला म्हणायची प्रॅक्टिस करून बघितली. खरंच. आरशात. प्रत्येक वेळी वाटतं, काहीतरी विकतोय.”

“मग मम्मी म्हण.”

“मम्मी म्हटलं होतं. तीनदा.” तो म्हणाला. “मी दारात दहा मिनिटं उभा होतो, तुला माहीत आहे? जायचंच नव्हतं मला. शेजारच्या पलकच्या भावाची बॅग होती ती, रिकामी. दोन टी-शर्ट होते. तिने नुसतं ‘काय’ म्हटलं असतं ना, तर मी बॅग खाली ठेवली असती.”

रिकामी बॅग. चार वर्षं आम्ही कपाट उघडून बघत होतो की याने नेलं काय काय.

“तिला सांगू हे?”

“नको. हे तर मुळीच नको.” नळ पुन्हा चालू झाला. “गायला गेलो आणि पाणी गाळतोय, हे पण नको. भिया, तो गाण्यातला आहे ना, तो बरा आहे. सुरात आहे. आई म्हणतो. तिला तोच राहू दे. त्यालाच ठेवा.”

“ज्ञानू, तो कंप्यूटर आहे.”

“मग काय झालं. रोज वेळेवर येतो ना?”

मी काहीतरी जोक करणार होतो. तेवढ्यात तोच बोलला.

“हा फोन झाला नाही,” तो म्हणाला. “मी सापडलो नाही. शपथ घे.”

मी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. नाशिकमध्ये पाण्याच्या फिल्टरवाल्या किती दुकानांना मी फोन केले ते सांगत नाही. एका दुकानाने मला फिल्टर बसवून द्यायची तारीखही दिली. पण मी त्यांना फोन केलेच नाहीत, कारण तो सापडलाच नव्हता.

चौथ्या आठवड्यात जयसिंगरावांनी मला बाजूला घेतलं. गुरुवार शेवटचा. शुक्रवारी नवीन सिनेमा लागतोय, त्यात एक हत्ती वकील असतो. “मैंने दो दिन खींचा भिया. माताजी के लिए. अब ऊपर से आदेश है.”

गुरुवारी आम्ही गेलो. पोरं आली नव्हती. हॉलमध्ये आम्ही दोघं, पुढे झोपलेला एक माणूस, आणि दाराशी उभे जयसिंगराव, हात पुढे बांधून, वंदनेला उभं राहावं तसे. फलाट आला. मम्मी पदर सारखा करून बसली. आई. काय रे. आई. हो. आई. आहे मी. सहावा आला, फाटला. नेहमी ती याला लगेच उत्तर द्यायची. आज दिलं नाही. सातवा, आठवा, नववा गेला. मी तिच्याकडे बघितलं. अकरावा संपला, गाडी निघून गेली, पडद्यावर रिकामा रूळ राहिला, तेव्हा ती म्हणाली, “ये.”

आपल्याकडे जाणाऱ्याला म्हणतात तसं. जाऊन ये, यातलं ये.

परत येताना ती कृष्णपुऱ्यालाच रिक्षातून उतरली. चालू या म्हणाली. तिथल्या राजघराण्याच्या समाध्यांपाशी, छत्र्या म्हणतात त्यांना, पायरीवर बसली. खाली नदी होती, नदीत पाणी कमी आणि फवारे जास्त.

“उद्या किती वाजताचा आहे?”

“उद्या नाही. उतरला सिनेमा.”

“परवा?”

“नाही मम्मी. संपला.”

तिने मान हलवली. पर्समधून शेवेची पुडी काढली, थेटरात चोरून नेलेली आणि रोज न खाता परत आणलेली. मला दिली.

“मग आता त्याला ओ कोण देणार?”

आणि इतके दिवस साठवलेलं माझ्या तोंडून निघालं. निघायला नको होतं, पण दुसरं जे होतं ते निघू नये म्हणून हे निघालं. मी म्हटलं, “मम्मी, तो हाक मारत नाहीये. ते हिंदी आहे. सबकी गाड़ी आई. आली. गाडी आली. आई हे क्रियापद आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. दवाखान्यात इंजेक्शनला घाबरणाऱ्या बाप्यांकडे बघायची तसं.

“चौतीस वर्षं मी या गावात हिंदीत सुया टोचल्या. नींद आई क्या. उलटी आई क्या. खांसी आई क्या. आणि तू मला शिकवतो, आई म्हणजे काय.”

 “म्हणजे तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग रोज कशाला...”

“तो त्या दिवशी मम्मी म्हणाला होता, ते कळलं नव्हतं का मला? चांगलं कळलं होतं. मला हाक मारतोय, जातो म्हणतोय, सगळं कळलं होतं. पण मी तेव्हा व्याकरण बघितलं.” तिने हातावरची शेव झटकली, जी नव्हतीच. “आता कुणीही, काहीही म्हणू दे. मी व्याकरण बघणार नाही.”

खाली फवारे बंद झाले. मम्मी म्हणाली, “तो फाटका आवाज त्याचाच आहे ना पण? तेवढं सांग. तू नावं वाचलीस ना सगळी. जयसिंगराव म्हणाले मला.”

खिशात मोबाइल होता. त्यात एक नंबर होता, जो आता कुणाचाही नव्हता. अ, सांगावं. ब, सांगू नये. क, दोन्ही. ड, इनमें से कोई नहीं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की माझे विद्यार्थी असे का बसतात.

“हो,” मी म्हटलं. “त्याचाच आहे.”

“नाव लिहिलंय?”

“लिहिलंय. आठवं.”

तिने डोळे पुसले नाहीत, म्हणजे पुसायला काही आलं नव्हतं. नुसती म्हणाली, “आठवं. बरं.” आणि उठली. घरापर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. वाटेत एका दुकानात कुणीतरी कुणालातरी मम्मी म्हणून हाक मारली, आणि तिने वळून ओ दिली.

घरी आल्यावर मी क्लासला कळवलं की आज येत नाही, आणि बसून हा अर्ज लिहिला.

प्रति,
मा. व्याकरण अधिकारी, हिंदी,
जिथे असतील तिथे.

विषय: ‘आई’ या शब्दाची जात बदलून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, ‘रूबेन’ या चित्रपटातील फलाटावरील गीतात ‘आई’ हा शब्द अकरा वेळा आलेला असून तो आपल्या दप्तरी क्रियापद म्हणून नोंदलेला आहे. जात बदलणे किती अवघड असते याची अर्जदारास कौटुंबिक माहिती आहे. तथापि ज्या इसमाने सदर शब्द नाम म्हणून उच्चारणे अपेक्षित होते तो सापडलेला नाही, व सापडला असल्यास तो फोन झालेला नाही. अन्य कोणताही मार्ग शिल्लक नसल्याने, सदर शब्द पूर्वलक्षी प्रभावाने नाम, संबोधन, एकवचन असा धरण्यात यावा, आणि त्यास आजवर देण्यात आलेली सर्व उत्तरे संबंधितास मिळाल्याची सही-शिक्क्यानिशी पोच अर्जदाराच्या आईस घरपोच देण्यात यावी, ही विनंती.